गच्ची मोकळी आहे

१५ जुलै २०१८, रविवार

झालं एकदाचं. समाजमंदिराच्या गच्चीवर सौरपॅनल बसवायचे, असं आज आमच्या सुजातानगरनं ठरवलं. सभा दहाची होती, माणसं साडेअकराला जमली, आणि त्यानंतर तासभर एकटे नानासाहेबच बोलत होते. नानासाहेब म्हणजे विहार समितीचे अध्यक्ष. एसटीतले निवृत्त कंडक्टर. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत घंटी मारायची सवय अजून गेलेली नाही.

"पाऊसकाळात ऊन नसलं तर काय करायचं?"

"नाना, पाऊस कुठंय?" मी म्हणाले. सगळे हसले. मग हसू आपोआप थांबलं, कारण खरंच कुठंय?

सगळा खटाटोप तळमजल्यावरच्या अभ्यासिकेसाठी आहे. वसाहतीतली मुलं तिथं बसून बोर्डाचा, पोलीस भरतीचा, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. घरी एक खोली, त्यात टीव्ही, त्यात पाहुणे. पण विजेचं बिल समितीला झेपेना, म्हणून गेल्या वर्षापासून अभ्यासिका रात्री आठला बंद होते. आठला! अभ्यासाला खरी सुरुवात होते तेव्हा आम्ही कुलूप लावतो. पॅनल बसले की दिवसा बनलेली जास्तीची वीज मीटरमधून बाहेर जाईल आणि रात्री तेवढी आपल्याला परत वापरता येईल. सरकारचा नियमच आहे तसा. थोडं अनुदान, बाकी प्रत्येक घराचा एक वाटा. जो वाटा घेईल तो मालक. हे मी चार वेळा समजावलं. मी कन्नडला, तालुक्याच्या गावी, बँकेत नोकरी करते, तिथं एकच गोष्ट चार वेळा समजावण्याचाच पगार मिळतो.

शेवटी अप्पा उठले. अप्पा म्हणजे माझे वडील. लष्कराच्या छावणीत पाण्याच्या लाइनीवर फिटर होते, आता ऐंशीला आले. "पोरांसाठी व्हायलंय ना?" एवढंच म्हणाले. "मग होऊ द्या." त्यानंतर नानासाहेबांनीही घंटी मारली नाही.

आणि मी भरात येऊन सगळ्यांसमोर बोलून बसले, की पॅनल लागले की अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी राहील. वर्षभर. माझी जबाबदारी. लग्न न केलेली बाई म्हणजे वसाहतीची कायमची सेक्रेटरी, त्यामुळे जबाबदारी तशीही माझ्यावरच आली असती. पण आता शब्द गेलाय.

२२ जुलै, रविवार

सौरवाला मुलगा येऊन गेला. हिमांशू नाव. वडिलांचं गुलमंडीच्या बाजारात कापडाचं दुकान. याला गादीवर बसायचं नव्हतं, म्हणून लोकांच्या गच्च्यांवर चढतो. बोलायला गोड, पण कामाचा वाटला. आभाळ भरलेलं होतं, थेंब नाही. सावली कुठं पडते बघायला ऊन तरी हवं ना, असं तो दोनदा म्हणाला.

टेप लावून झाल्यावर विचारलं, "वर काही अडथळा?"

"काही नाही. गच्ची मोकळी आहे," मी म्हणाले.

तो दक्षिणेच्या कठड्याकडे बघत राहिला. "आणि ही काठी?"

"तो आमचा पंचशील ध्वज आहे."

"हो हो, ते दिसतंय मॅडम. म्हणजे... कायम इथंच असतो?"

"मग कुठं असणार?"

माझा आवाज जरा चढला असावा. त्याचे कान लाल झाले आणि त्यानं पुढचं काही विचारलं नाही. शिकलेली मुलं कधी कधी काय विचारतील नेम नाही.

त्याला काय ठाऊक, ती काठी अप्पांची आहे. समाजमंदिराचा स्लॅब पडला त्या वर्षी त्यांनी जाड लोखंडी पाइप सायकलला बांधून छावणीतून चालत आणला होता. सिमेंटचा चौथराही स्वतः केला. तेव्हापासून रोज सकाळी झेंडा चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा. ताप असो, पाऊस असो. मी लहान असताना सूर्य अप्पांच्या परवानगीनं उगवतो अशी माझी समजूत होती.

९ सप्टेंबर, रविवार

पॅनल बसले! दोन रांगा, निळ्याशार, दक्षिणेकडे तोंड करून. आधी बुद्धवंदना झाली, मग बटण कुणी दाबायचं यावर वाद. नानासाहेबांना वाटत होतं अध्यक्षांनी. बायकांनी माझ्या आईला पुढं ढकललं. आईनं, म्हणजे पारूबाईनं, बटण दाबून वर बघितलं आणि म्हणाली, "आवाज कसा नाय आला?" तिला वाटलं होतं गिरणीसारखं काहीतरी सुरू होईल.

पाऊस नाहीच. नळाला पाच दिवसांनी पाणी येतंय. ऊन मात्र भरपूर. या वर्षी आकाशाकडून जे मिळतंय ते तरी घेऊ.

२ ऑक्टोबर, मंगळवार

नवं मीटर लागून आठवडा झाला. दिवसाला वीस-एकवीस युनिट! हिमांशूनं सांगितलं होतं त्याहून जास्तच. मी आनंदानं मीटरचा फोटो काढून वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. नानासाहेबांनी लिहिलं, 'ठीक.' त्यांच्याकडून ठीक म्हणजे हार घातल्यासारखंच.

कालपासून अभ्यासिका अकरापर्यंत उघडी. रात्री डोकावले. आवडाबाईंची सून प्रज्ञा नऊच्या पुढं आली. स्वयंपाक, भांडी, सासऱ्यांचं औषध, सगळं उरकून. नर्सिंगच्या परीक्षेला बसते आहे. मला म्हणाली, "ताई, लग्न झाल्यापास्नं पहिल्यांदा सलग दोन तास बसले." तिचे हात अजून ओले होते. मी घरी येताना सबंध गल्ली हसत हसत आले. मला माहीत आहे हे फक्त दिवे आणि पंखे आहेत. पण बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. अप्पांनी नवा झेंडा आणला. गुलमंडीत हिमांशूच्याच वडिलांच्या दुकानात पाचही रंगांचं कापड मिळालं, आईनं मशीनवर शिवला. जुन्याच्या दीडपट मोठा. "आता इमारती वाढल्यात, मोठा असलेला बरा," अप्पा म्हणाले. खरंच, दक्षिणेला रस्त्यापलीकडे जिथं बाभळी होत्या तिथं आता चार चार मजले उभे आहेत. छावणीतून येणाऱ्याला पूर्वी आमचा झेंडा मैलावरून दिसायचा.

झेंडा वर गेल्यावर वाऱ्यानं असा फडफडला की लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या.

१ नोव्हेंबर, गुरुवार

दुष्काळ जाहीर झाला. कन्नडला बँकेत दिवसभर तोच विषय. येताना एसटीत घाटाकडच्या बायका होत्या, रिकामे हंडे घेऊन लेकीकडे निघालेल्या. लेकीकडे टँकर येतो म्हणून.

मीटर अठरा दाखवतंय. धूळ असणार. सगळीकडे बांधकामं चालली आहेत.

११ नोव्हेंबर, रविवार

आज मी जन्मभर लक्षात राहील असा मार खाता खाता वाचले.

युनिट सोळावर आलेत. सकाळी दोन बादल्या पाणी घेऊन गच्चीवर गेले आणि पॅनल धुतले. नेमकं पन्हाळीतून पाणी खाली आलं, ते आवडाबाईंच्या दारात. आवडाबाई आधी खूश झाल्या, त्यांना वाटलं टाकी भरून वाहिली, म्हणजे नळ आला. घागर घेऊन धावत आल्या. नंतर वर बघितलं तर मी.

"पाच दिसाला पानी यायलंय, आन तू काचा धुवायलीस व्हय? काचा? त्या काय पाहुण्या हायेत का?"

सबंध गल्ली गोळा झाली. मी धूळ, कार्यक्षमता वगैरे सांगायला लागले, तर आईनंच मला हाताला धरून घरात नेलं. आता ठरलंय की बायका पाळीपाळीनं कोरड्या फडक्यानं पुसतील. पाण्याचं नाव काढायचं नाही.

संध्याकाळी मीटर बघितलं. सोळाच.

२५ नोव्हेंबर, रविवार

पंधरा. पॅनल आरशासारखे लख्ख आणि युनिट पंधरा. हिमांशूला बोलावून घेतलं. तो वर गेला, पाच मिनिटांत खाली आला, तोंड उघडणार एवढ्यात नानासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "चल, चहा पिऊ." दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. परत आल्यावर हिमांशू म्हणाला, "मॅडम, इन्व्हर्टरचा थोडा इश्यू वाटतोय. बघतो मी." माझ्याकडे बघून बोलत नव्हता. माल हलका दिलाय, दुसरं काय! आणि नानासाहेब, जे टाचणीच्याही पावतीवर शंका काढतात, ते म्हणतात, "पोरगा चांगलाय, जाऊ दे." यांना झालंय काय?

अप्पा हल्ली दुपारी खुर्ची घेऊन गच्चीवर बसतात. आई सांगत होती. थंडीचं ऊन खातात. खुर्ची थोड्या थोड्या वेळानं सरकवतात म्हणे. गुडघे धरलेले असताना जिने चढू नका म्हटलं तर मलाच विचारलं, "रूपा, तुझं मीटर बाराला किती दाखवतं आन तीनला किती, ते निरनिराळं समजतं का गं?" मी म्हटलं, समजतं, मोबाइलवर दिसतं, पण मी बँकेत काम करते, दिवसभर ते बघत बसत नाही. अप्पा "बरं" म्हणाले. या वयातही त्यांना अशी उत्सुकता आहे, याचं कौतुक वाटलं.

६ डिसेंबर, गुरुवार

महापरिनिर्वाण दिन. सकाळी वंदना. मुलांनी मेणबत्त्या लावल्या.

युनिट चौदा. आजच्या दिवशी मीटर बघायला जायची लाज वाटली, तरी गेले.

१६ डिसेंबर, रविवार

हिशेब सरळ आहे. ऑक्टोबरमध्ये जमा झालेली वीज संपत आली. असंच चाललं तर जानेवारीत पुन्हा आधीसारखं बिल येणार, आणि ते समितीला झेपणार नाही. म्हणजे पुन्हा आठला कुलूप. आणि लोक म्हणणार, बँकेतल्या रूपाताईंनी आमचे वाटे घेतले आणि काचा बसवल्या.

म्हणणार म्हणते, पण अजून कुणी म्हणत नाही, हेच कोडं आहे. भांडायला तयार होऊन मी रोज घरातून निघते आणि रोज कुणीतरी "जेवलीस का" विचारतं. मुलं तर इतकी शहाणी झालीत की दिवसा अभ्यासिकेतले दिवे बंद करून बाहेर ओट्यावर उन्हात बसतात. म्हटलं, आत बसा की. तर म्हणाली, "इथं ऊब आहे ताई." असेल.

अप्पांनी तेलाची कुपी मागितली, शिलाई मशीनची. कशाला, तर म्हणे वर एक काम आहे. बिजागरी करकरत असेल. मग जेवताना मध्येच, "विद्यापीठाच्या रस्त्यावरनं आपली गच्ची दिसती का गं आता?" दिसते, मी म्हणाले, तो उत्तरेचा रस्ता रुंद झाल्यापासून चांगली दिसते. अप्पांना जुने दिवस आठवत असावेत. नामांतराच्या मोर्चांना ते त्याच रस्त्यानं जायचे. हल्ली त्यांचं लक्ष कुठल्या कुठं जातं. मला थोडी भीती वाटते.

२३ डिसेंबर, रविवार

कळलं.

अप्पांना जेवायला बोलवायला भर दुपारी गच्चीवर गेले. महिनोन्‌महिने मी या गच्चीवर एक तर सकाळी आले किंवा संध्याकाळी. दुपारी कधीच नाही. मी बँकेत असते. वर पाय ठेवला आणि समोर पॅनलवर काळी रेघ दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या शेंड्याला झेंड्याची सावली, काचेवर फडफडणारी.

काठीची सावली. जुलैत, सप्टेंबरात सूर्य डोक्यावर होता, सावली काठीच्या पायाशीच. आता सूर्य दक्षिणेला गेलाय आणि सावली लांबून दोन्ही रांगांवर पसरलीय, नेमकी ऐन दुपारी. हिमांशूनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हे सगळे पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळी माळ मंदावते. मी मान डोलावली होती. आणि त्याच तोंडानं म्हणाले होते, गच्ची मोकळी आहे.

आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नसतं. झेंडा म्हणजे अडथळा, हे शब्द आमच्या डोक्यात शेजारी शेजारी बसतच नाहीत.

अप्पा खुर्चीत. माझ्याकडे बघत होते.

"काय बघायलीस?"

चाळीस वर्षं हा माणूस या काठीशी उठतो आणि मावळतो. त्याला मी सांगू, अप्पा, तुमची काठी आड येतेय?

"काही नाही," मी म्हणाले. "जेवायला चला."

अप्पांनी एकदा पॅनलकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय, चल."

२५ डिसेंबर, मंगळवार

बँकेला सुट्टी. हिमांशूला फोन केला आणि बरंच सुनावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, मला जुलैतच शंका आली होती. पण मी कसं बोलणार? माझं आडनाव बघा, मी कुठून येतो बघा. मी येऊन म्हणायचं का, तुमचा झेंडा हलवा?"

मीच तर त्याला त्या दिवशी गप्प बसवलं होतं.

"नोव्हेंबरमध्ये सांगणारच होतो. नानासाहेबांनी चहाला नेलं आणि म्हणाले, इन्व्हर्टरचं नाव सांग."

तशीच नानासाहेबांकडे गेले. ते अंगणात पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"समद्यांना माहीत हाय," पेपरची घडी घालत म्हणाले. "पोरांना माहीत हाय. म्हणून तर दिवे बंद करून ओट्यावर बसतेत. आवडाबाईला माहीत हाय. तुला नव्हतं, कारण तू त्याची लेक, तुला कोण सांगणार?"

"मग अप्पांना?"

"खबरदार. काठी हलवली तर अप्पा एका दिवसात म्हातारे होतील. रूपा, वीज काय, कमी-जास्त होतीच. पोरं आठला घरी जातील, पहिले जायचीच की. अप्पांच्या हयातीत त्या काठीला हात नाय लावायचा. वसाहतीचं ठरलंय."

कुठल्याही सभेत इतकं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही, आणि हे तर सभा न घेता झालं. मला हसू आलं आणि रडूही. एवढी माणसं एका म्हाताऱ्यासाठी अंधार पत्करायला तयार. मी सगळ्यांना रोज मनातल्या मनात शिव्या देत होते.

६ जानेवारी २०१९, रविवार

तीनदा बोलायला गेले, तीनदा परत आले. एकदा चहा घेऊन, एकदा मोजे घेऊन, एकदा काहीच न घेता. अप्पा दर वेळी पेपर बाजूला ठेवतात, चष्मा काढतात आणि वाट बघतात. मग मी हवेबद्दल बोलते.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझा बाप रोज इचारतो, रूपा काय म्हनली का."

"कशाबद्दल?"

"मला काय ठावं. तुमचं तुम्हाला."

काय असेल? पेन्शनच्या कागदाचं असेल. उद्या बघते.

१० जानेवारी, गुरुवार

बिल आलं. आज नानासाहेबांनी अभ्यासिकेच्या दारावर पाटी लावली. सोमवारपासून वेळ, सकाळी सहा ते रात्री आठ.

कुणी तक्रार केली नाही. नऊ वाजता प्रज्ञा आली, पाटी वाचली, आणि आत जाऊन तिच्या जागेवर बसली. पुस्तक उघडलं. तिच्यासाठी आठ काय आणि सहा काय, तिचा दिवसच नऊला सुरू होतो. परीक्षेला दीड महिना उरलाय. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाली, "जाऊ द्या ताई, मी ओट्यावर बसंन, रस्त्याचा दिवा हाय की." आणि हसली.

ती हसली नसती तर मी कदाचित अजूनही गप्प बसले असते.

१३ जानेवारी, रविवार

सकाळी अप्पा झेंडा चढवून खाली आले, ओसरीवरच्या खाटेवर बसले. मी समोर जाऊन उभी राहिले. हातात चहा नाही, मोजे नाहीत. सकाळपासून तयार केलेली वाक्यं होती. झेंड्याबद्दलच्या आदरापासून सुरुवात करून हळूहळू भूगोलाकडे येणार होते.

प्रत्यक्षात म्हणाले, "अप्पा, काठीची सावली पॅनलवर पडतेय. काठी हलवायला पाहिजे."

आई आतून बाहेर आली, पिठाचे हात तसेच.

अप्पांनी चष्मा काढला. "कवा कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

"मला दिवाळीतच कळलं. मग बोलली का नायस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट? मला वाईट कशाचं वाटलं, सांगू?" अप्पा म्हणाले. "पोरीनं बापाला तोंडावर बोलावं, असं वाढवलं तुला. साऱ्या गल्लीत भांडतीस, साहेबाशी भांडतीस. आन माझ्यापुढं येऊन हवेचं बोलतीस. म्हटलं, मी एवढा मोठा कवा झालो, की माझ्या पोरीला माझी भीती वाटावी?"

मी ओसरीच्या पायरीवर बसले.

"तुम्हीच का नाही सांगितलं मग?" आई म्हणाली. प्रश्न बरोबर होता.

अप्पा तिच्याकडे वळले. "मी म्हटलं असतं तर झालं असतं, पारू. पर मग माझ्यामागं? मी गेल्यावर ही समदी काठी धरून बसतील, आन पोरं अंधारात. कुणीतरी बोलायची सवय करायला पाहिजे का नाय?"

मग ते वाकले आणि खाटेखालून पोतं ओढलं. त्यात बोल्ट फिरवायचे पाने होते, आणि नवे लोखंडी पट्टे, भोकं पाडलेले. छावणीतल्या वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेले. उत्तरेच्या भिंतीच्या मापाचे. चौथऱ्यावरच्या गंजलेल्या बोल्टांना महिनाभर तेल पाजत होते म्हणे, म्हणून आता सैल आहेत. तेल म्हणजे ती कुपी! आणि मी बिजागरी समजत होते. मी बँकेत माणसांच्या सह्या तपासते आणि मला माझा बाप वाचता येत नाही.

"दक्षिणेला कशाला लावली होती काठी, माहीत हाय का?" अप्पा म्हणाले. "छावणीतनं येणाऱ्याला दिसावी म्हणून. आता तिकडनं कुणाला दिसती? इमारतीतल्या लोकांना, दात घासताना. उत्तरेला लावली तर विद्यापीठाकडं जाणारा दर माणूस बघंल. उद्या चौदा जानेवारी. उद्याच लावू."

१४ जानेवारी, सोमवार

नामांतर दिन. मी रजा टाकली.

सकाळी सातला अप्पा गच्चीवर, आणि त्यांच्यामागं अख्खं सुजातानगर. बातमी कुणी दिली माहीत नाही, बहुधा आईनं. नानासाहेब धापा टाकत आले. "अप्पा, कशाला, आमी चालवून घेतलं असतं की," म्हणायला लागले, तर अप्पांनी त्यांच्या हातात पाना दिला. "घंटी वाजवू नको. पकड." हिमांशूही आला होता, ड्रिल मशीन घेऊन. अगदी कडेला उभा होता. अप्पांनीच हाक मारली, "गुलमंडीवाले, भोकं सरळ पाड, झेंडा वाकडा नाय दिसला पाहिजे." त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण त्यानं भोकं अशी सरळ पाडली की फिटरनंही मान डोलावली.

बोल्ट हातानं फिरले. काठी आडवी झाली तेव्हा मात्र आवडाबाईंनी डोळ्याला पदर लावला. आठ-दहा जणांनी खांद्यावर घेऊन ती गच्ची ओलांडली. एवढीशी गच्ची, पण सगळे सावकाश चालत होते. कुणी न सांगता मुलांनी 'बुद्धं सरणं' सुरू केलं, मग सगळ्यांनीच.

दहाच्या सुमारास झेंडा उत्तरेला वर गेला. खालच्या रस्त्यावरून विद्यापीठ गेटकडे निघालेली माणसं, गावोगावहून आलेली, पांढऱ्या कपड्यांतली. एका टेम्पोतल्या बायांनी वर बघून हात जोडले. अप्पा कठड्याला टेकून ते बघत होते, बराच वेळ.

बाराला सगळे खाली मीटरपाशी. नानासाहेब काच पुसून वाचत होते आणि थांब्याची नावं पुकारावीत तसे आकडे पुकारत होते. मला आकड्यांची गरज नव्हती, मी गच्चीवरून बघितलं होतं, पॅनल सगळे लख्ख. सावली पलीकडे, भिंतीबाहेर. नानासाहेबांनी स्वतः जाऊन पाटी काढली. प्रज्ञा धुणं टाकून आली होती, तिनं ती पाटी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर 'रात्री ११ पर्यंत' लिहिलं.

सगळे पांगल्यावर मी अप्पांना जिन्यावरून उतरवायला गेले. त्यांनी माझा हात धरला, पण उतरले नाहीत. वर झेंड्याकडे बघून म्हणाले, "रूपा, परत आड आली तर परत हलवायची. शहर वाढतंय, काय कुठं येईल सांगता येत नाय. मी असलो काय, नसलो काय. इचारत बसायचं नाय."

मी हो म्हणाले. नंतर मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसलं. पण ते माझ्या खांद्यावर भार देऊन एक एक पायरी उतरत राहिले.